अँटेना क्रमांक दोन

ऑफिसात 'या वीकेंडला महाळुंग्याला चाललोय' म्हटलं की हमखास कोणीतरी बोलतं, "मग त्यात काय, लंच ब्रेकमध्ये जाऊन ये की!" हिंजवडीतल्या माणसाला महाळुंगे म्हणजे बालेवाडीच्या पलीकडचं, टॉवरवालं. चाकणजवळ दुसरं आहे, कारखान्यांचं. आमचं तिसरं. महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर सोडलं की पुढे आत वळायचं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाचा ट्रक अडवताना जे गेले, ते गिरणी कामगार बाबू गेनू या गावचे. एवढी ओळख पुरे. टॉवर एकच आहे, मोबाईलचा.

तर मंडळी, २०२५ च्या दिवाळीत घरी पोचलो आणि चपला काढायच्या आत काकूने बातमी दिली, "तुझ्या बहिणीनं लॅपटॉपची वाट लावली."

बहीण म्हणजे चुलत बहीण, घरातली धाकटी. बीसीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉप म्हणजे २०२१ साली ऑनलाईन शाळेसाठी काकांनी सेकंडहँड घेतलेलं, २०१५ च्या आसपासचं, चार जीबी रॅमचं मशीन. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. हिच्याकडे पाचव्या पिढीचा. वर्षभराची जादा मुदत घेता येत होती, पण मशीन आधीच इतकं कुंथत होतं की चालू करून चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळायचा, तोपर्यंत डेस्कटॉप दिसायचा. नवीन घ्यायचं तर चाळीस-पंचेचाळीस हजार. कांद्याचे भाव काय होते ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच.

मग धाकटीने कोणालाही न विचारता लिनक्स मिंट टाकलं. एकटीने. आयुष्यातलं पहिलं इन्स्टॉलेशन!

ते तिने कसं केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिंटची फाईल तीन जीबीच्या आसपास. मोबाईलचा पॅक रोजचा दोन जीबीचा, आणि घरचं फायबर त्या आठवड्यात कुठेतरी तुटलेलं. मग तिने टॉरेंट लावून दोन दिवसांच्या कोट्यात फाईल उतरवली. मध्येच तुटून खराब उतरली नाही ना, म्हणून चेकसम ताडून पाहिला (आमच्या टीममध्ये किती जण हे करतात ते विचारू नका). शाळेचे फोटो, काकांच्या सातबाऱ्याचे पीडीएफ, काकूचा शिवणाचा हिशोब असं सगळं एका पेनड्राईव्हवर काढून ठेवलं. दुसऱ्या पेनड्राईव्हवरून बूट केलं. इन्स्टॉलरच्या यादीत मराठी दिसली म्हणून मराठीच निवडली. शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची होती आणि घरची लाईटही मध्ये मध्ये डोळे मिचकावत होती. या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नुसतं वजन, त्यामुळे इन्व्हर्टरच्या प्लगवर मशीन लावून ती समोर बसून राहिली. विसेक मिनिटांत काम झालं. डेस्कटॉप आला, आवाज आला, टचपॅड चालला.

वायफाय मात्र धड चालेना. 'धड' हा शब्द महत्त्वाचा आहे. अजिबात चालत नसतं तर सोपं होतं.

राउटर आमच्या पुढच्या पडवीत आहे, केबलवाल्याला भिंत तिथे सोपी वाटली म्हणून. पडवीत राउटरला टेकून बसलं की लॅपटॉपवर नेट पळायचं. तीन पावलं मागे आलं की रडायला लागायचं. मागच्या खोलीत, जिथे तिचं टेबल आहे, तिथे नेटवर्कचं नाव दिसायचं, जोडलं जायचं आणि मिनिटभरात तुटायचं. आणि पडवी उघडी. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना सांगायला नको, अंधार पडला की हल्ली कोणी पडवीत बसत नाही. बिबट्या उसातून कधी घराच्या कोपऱ्यावर येईल याचा नेम नाही. साडेसहाला कडी. म्हणजे अभ्यासाच्या वेळेला हिचा लॅपटॉप बिनकामाचा.

घरच्यांचा खटला एकदम पक्का होता. काका म्हणाले, "मशीन त्येच, राउटर त्योच, खोली तीच. विंडोज व्हतं तवा मागच्या खोलीत यूट्यूब चालायचं. मोबाईल आजबी चालतोय. बदललं काय? तिनं टाकलेलं ते. मंग बिघडवलं कुणी?"

खरं सांगू? डीबगिंगचा पहिला नियम हाच आहे. काल चालत होतं, आज नाही, मध्ये काय बदललं ते बघ. काकांनी आमच्या कुठल्याही स्टँडअपमध्ये हे बोलायला हरकत नव्हती. धाकटीकडे उत्तर नव्हतं. ती चार दिवस गप्प होती, आणि काकूच्या मते आता 'पुन्हा विंडोज टाकून विषय संपवावा'. मलाही तेवढ्यासाठीच बोलावलं होतं. पण पुन्हा विंडोज टाकणं म्हणजे बिघडवल्याचा निकाल कायम करणं, आणि वर ते कुंथणं परत आणणं. म्हटलं, बघू तर आधी.

इथे थोडं विषयांतर. आमच्या टीममध्ये चाळिशी ओलांडलेले एक सीनियर आहेत. ते 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर येणाऱ्या लिनक्सच्या सीडींच्या, आणि उबुंटू घरपोच फुकट सीडी पाठवायचं (२०११ पर्यंत पाठवायचं) त्या जमान्याच्या गोष्टी सांगतात. त्या काळात लिनक्स टाकणं अवघड नव्हतं, वायफाय चालवणं अवघड होतं. ज्याचं चालायचं तो लग्न ठरल्यासारखी पार्टी द्यायचा. कारण वायफाय चिप बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आत काय आहे ते सांगायच्याच नाहीत. लोकांनी मग एनडिसरॅपर नावाची एक अजब चीज काढली. तिच्यात विंडोजचाच ड्रायव्हर उचलून लिनक्सच्या आत चालवायचा! ब्रॉडकॉमने लिनक्ससाठी खुला ड्रायव्हर दिला तो २०१० च्या सप्टेंबरात. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, बहुतेक कार्ड पेनड्राईव्हवरून बूट केल्या केल्या चालू होतात. पण जुन्या स्वस्त लॅपटॉपांत अजून अशी भुतं दडून बसलेली असतात. असो.

कीबोर्डला मी हात लावायचा नाही, एवढं ठरवलं. टर्मिनल तिने उघडलं. मी शेजारी लाडू खात बसलो.

"आधी सांग, कार्ड दिसतंय का?" दिसत होतं. "कोणी बंद केलंय का?" आरएफकिलला विचारलं, कुठलाच ब्लॉक नाही. "ड्रायव्हर लोड झालाय?" झालेला, आणि फर्मवेअरबद्दल लॉगमध्ये तक्रार नाही. तिला संशय पॉवर सेव्हिंगचा होता. नेटवर्क मॅनेजरच्या फाईलमध्ये एक आकडा असतो, तीनचा दोन केला की वायफायचं वीज वाचवणं बंद होतं. तिने ते आधीच कुठेतरी वाचून करून पाहिलं होतं. फरक शून्य. मग मात्र मी म्हटलं, चालतंय-नाही चालत हे सोड, आता मोजू.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका बरा, आणि दर दहाला ताकद दहापट कमी. मागच्या खोलीत तिच्या टेबलावर माझा फोन दाखवत होता उणे ५२. त्याच जागी लॅपटॉप, उणे ८४. बत्तीसचा फरक, म्हणजे हजारपटीहून जास्त. धाकटीने वहीवर मांडून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, एवढा फरक सेटिंगनं पडेल? हे तर बहिरं झाल्यासारखं आहे."

बहिरं! नेमका शब्द. आमच्या भागातल्या पोरांना तो सुचणारच म्हणा. पलीकडे जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या. शाळेत असताना विज्ञान दिनाला तिथल्या प्रदर्शनाला एसटीने गेलेले आम्ही. जागा निवडताना या भागात रेडिओचा गोंगाट कमी आहे हेही पाहिलं होतं. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की तो ऐकायला एवढे मोठे कान लागतात, असं तिथले दादा सांगायचे. (आणि तीस अँटेनांचे सिग्नल एकत्र करायला २०१० च्या सुमारास तिथे जी सॉफ्टवेअर यंत्रणा उभी केली ती लिनक्सच्या क्लस्टरवर होती. हे मी काकांना मुद्दाम ऐकवलं. त्यांना विशेष काही वाटलं नाही.)

तर बहिरं. कान कुठे आहेत या लॅपटॉपचे? लॅपटॉपची अँटेना स्क्रीनच्या चौकटीत असते, तिथून एक बारीक वायर बिजागरीतून खाली येते आणि वायफाय कार्डावरच्या इवल्याशा सॉकेटला लागते. कार्डावर अशी सॉकेट्स बहुधा दोन असतात. मी तिला मॉडइन्फो चालवायला सांगितलं. हा कमांड ड्रायव्हर कोणकोणते पर्याय घेतो त्याची यादी देतो. तिने वरून खाली बोट फिरवत वाचलं आणि एका ओळीवर थांबली. 'अँट-सेल', आणि पुढे अर्थ असा की अँटेनाचा क्रमांक सक्तीने ठरवायचा असेल तर एक किंवा दोन द्या.

"दादा, हा कुठली अँटेना ते स्वतःच ठरवतोय. चुकीची ठरवत असेल तर?"

यापुढे मला काही सांगावंच लागलं नाही. ड्रायव्हर काढला, अँट-सेल एक देऊन परत लावला. उणे ८३. तिचा चेहरा पडला. परत काढला, दोन देऊन लावला. उणे ५३.

एकदम! काही न हलवता, काही न उघडता. मागच्या खोलीत. काकू सांगते ती त्या क्षणी ओरडली, मला तर शिट्टीच ऐकू आली.

पण काका बधले नाहीत. "आकडं दावू नको, तार दाव." बरोबरच आहे, त्यांचा जन्म विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये गेलेला. मग लॅपटॉप बंद केला, काकांनी त्यांचा बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला, मागचं झाकण काढलं. कार्ड बोटभर. त्यावर दोन सोनेरी टिंबं. एकावर काळी वायर बसवलेली. दुसरं मोकळं, नवंकोरं. म्हणजे कारखान्यातून निघतानाच अँटेना एकच लावलेली. स्वस्तातला लॅपटॉप, एका अँटेनाचे पैसे वाचले. विंडोजसाठी दिलेल्या ड्रायव्हरला वायर कुठल्या टिंबावर आहे ते ठाऊक असावं. लिनक्सच्या ड्रायव्हरपर्यंत ती माहिती पोचलेली नव्हती, तो बिचारा रिकाम्या टिंबाला कान लावून बसला होता, आणि जे काही झिरपून येईल तेवढं ऐकत होता.

काकांनी चष्मा वर केला. "म्हंजे मोकळ्या टर्मिनलवर फेज हुडकत व्हता त्यो."

"हो."

"मंग ह्यात पोरीचं काय न्हाय."

एवढंच. माफी वगैरे आमच्यात कोणी मागत नाही. झाकण त्यांनीच बसवलं, आणि एक स्क्रू सैल होता तो आवळला. संध्याकाळी कडी लावल्यावर मागच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता माजा सातबारा काढ त्याच्यावर, गट नंबर सांगतो."

पर्याय कायमचा करायला एक ओळीची फाईल लिहावी लागते, नाहीतर रीस्टार्ट केल्यावर ये रे माझ्या मागल्या. ती तिने लिहिली. वर एक कॉमेंट टाकली, मराठीत, 'वायर दोन नंबरला आहे, हे काढू नये'. इतकी चांगली कॉमेंट आमच्या कोडबेसमध्ये मी अजून पाहिलेली नाही :)

मला राहून राहून त्या चार दिवसांचं वाटतं. काकांचा तर्क बरोबर होता आणि निकाल चुकीचा होता. बदल तिनेच केला हे खरं, पण दोष कित्येक वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारखान्यात त्या कार्डावर बसून राहिला होता. विंडोजने तो झाकला, तिने झाकण काढलं. आमच्या धंद्यातही जो शेवटचा हात लावतो त्याच्याच नावावर बग लागतो, आणि त्याने पुन्हा कशाला हात लावू नये अशी सोय आपोआप होते. तिच्या बाबतीत ती होता होता राहिली. बीसीएसला बसलेल्या मुलीला घरात 'तुला काय कळतंय' हे ऐकत पुढची तीन वर्षं काढावी लागली असती.

परवा तिचा फोन आला. कर्नलचं अपडेट झालं, फाईल जागेवर आहे, वायफाय व्यवस्थित. आता नवीनच. मोठं डाऊनलोड चालू असलं की ब्लूटूथच्या इयरफोनमधला आवाज अडखळतो. मी विचारलं, कधीपासून, कुठल्या खोलीत, आकडे काय. ती म्हणाली, "आकडे घेतलेत दादा. पण मला वाटतं ब्लूटूथ त्याच कार्डावर आहे. दोघं मिळून ती एकच वायर वापरत असतील का?"