पायाखालचे शहर

रोमला जाण्याचा योग मला आयुष्यात एकदाच आला. भाविकांची एक यात्रा निघाली होती, तिच्याबरोबर कोणीतरी धर्मगुरू हवा होता, म्हणून माझी वर्णी लागली. संत पेत्राचे महामंदिर, भुयारी दफनभूमी, कोलोसियम असे सारे पाहून झाले. शेवटच्या दुपारी बरोबरची मंडळी खरेदीला गेली आणि मी कोलोसियमपासून थोड्याच अंतरावर असलेल्या संत क्लेमेंत यांच्या मंदिरात एकटाच शिरलो.

वरचे मंदिर बाराव्या शतकातले. त्यातून एक जिना खाली उतरतो आणि आपण चौथ्या शतकातल्या दुसऱ्या मंदिरात येऊन उभे राहतो. तिथून आणखी एक जिना. त्याच्या तळाशी पहिल्या शतकातील इमारतींच्या भिंती, एक अरुंद बोळ आणि मिथ्र देवतेच्या उपासकांचे ठेंगणे दालन. अंधारात कुठून तरी वाहत्या पाण्याचा आवाज येत असतो. हे सारे एका धर्मगुरूमुळे उजेडात आले. जोसेफ मलूली नावाच्या आयरिश डॉमिनिकन फादरांनी १८५७ साली आपल्याच मंदिराखाली खोदायला सुरुवात केली. ज्या वेदीवर आपण मिस्सा अर्पण करतो तिच्याखाली काय आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

त्या शेवटच्या पायरीवर पाण्याचा आवाज ऐकत असताना मला विलक्षण लाज वाटली. तिचे कारण सांगायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

जगातील सर्वांत जुने वसते शहर कोणते, हा वाद बहुधा कधीच मिटायचा नाही. यरिहोची वस्ती फार पुरातन. परंतु ती मध्यंतरी अनेकदा ओसाड पडली. म्हणून दमास्कसचे नाव पुढे येते. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकवणारे आमचे वृद्ध प्राध्यापक दमास्कसवर आले की पुस्तक मिटून ठेवीत. आंधळा झालेला शौल ज्या 'नीट' नावाच्या रस्त्यावरील घरात तीन दिवस बसून होता, तो रस्ता आजही आहे, तिथे दुकाने आहेत, माणसे भाव करतात, असे ते सांगत, तेव्हा आम्हा मुलांच्या अंगावर काटा येई. एक गोष्ट मात्र मला पुढे वाचनातून कळली. शौलाच्या पायाखालचा तो रस्ता आजच्या रस्त्याखाली काही मीटर पुरलेला आहे. तिथली एक रोमन कमान जमिनीखाली सापडली, ती आजच्या पातळीवर आणून पुन्हा उभी करावी लागली. त्याच शहरात हदाद देवाचे स्थान होते, तिथे रोमनांचे ज्युपिटरचे मंदिर झाले, मग संत योहान बाप्तिस्त्याचे चर्च आणि आठव्या शतकाच्या आरंभी उमय्या खलिफाची भव्य मशीद. त्या मशिदीच्या दक्षिणेकडील एका जुन्या दारावर ख्रिस्ताचे राज्य सर्वकाळचे आहे अशा अर्थाचा ग्रीक लेख अद्याप शाबूत आहे. तो कोणी खोडला नाही. दुर्लक्षाने राहिला की औदार्याने, कोण जाणे!

रोम, दमास्कस ही नावे घेतली की आपल्याला वाटते, ही सारी दूरदेशीची नवलाई. वसई तालुक्यात राहणाऱ्या माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. विरारच्या लोकलमध्ये दाराशी लोंबकळत आपण रोज अशाच एका शहरावरून जातो. गाडीत उद्घोषणा होते, 'पुढील स्टेशन नालासोपारा'. नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावे रेल्वेने एकत्र बांधली. त्यांतला सोपारा म्हणजे संस्कृत ग्रंथांतले शूर्पारक, पाली ग्रंथांतले सुप्पारक. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या पहिल्या शतकातील एका अनाम दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या 'पेरिप्लस'मध्ये या बंदराची नोंद केली आहे. कार्ल्याच्या आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत सोपाऱ्याचे नाव येते. गलबते थेट गावापर्यंत आणणाऱ्या खाड्या आता गाळाने भरल्या आहेत आणि तिथे कधी समुद्र होता हे पावसाळ्यातच आठवते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने येथे आपल्या राजाज्ञा कोरविल्या. त्यांतील आठव्या आज्ञेचा एक तुकडा १८८२ साली भाताळे तळ्याजवळ पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ साली आपल्या भुईगावात सापडला. या नवव्या आज्ञेत सम्राट म्हणतो की, आजारपण, लग्न, बाळंतपण अशा प्रसंगी लोक, त्यातही स्त्रिया, नाना प्रकारचे निरर्थक विधी करतात; त्यापेक्षा नोकराचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे हा खरा विधी होय. स्त्रियांवरचा ठपका मला मान्य नाही. आमच्याकडील लग्नांत खर्चाचा हट्ट पुरुषच अधिक धरतात, हे पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. बाकीचा मजकूर मात्र विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात वाचून दाखवावा असाच आहे.

त्याच १८८२ साली भगवानलालांनी सोपाऱ्याजवळील एक टेकाड खोदले. गावकरी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. कोट नव्हताच तो. बौद्ध स्तूप होता. त्याच्या गाभ्यात एक मोठी दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती वर्तुळाकार मांडलेल्या आठ लहान कांस्यमूर्ती, सात बुद्धांच्या व आठवी येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या पोटात सोन्याचा. सोबत सोन्याची फुले व यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे. नाणे दुसऱ्या शतकातले, मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे मध्ये कितीतरी पिढ्या गेल्यानंतर सोपाऱ्यातील कोणीतरी तो स्तूप उघडला, आपल्या काळची भर घातली आणि पुन्हा बंद केला. आणि त्या सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. खापऱ्या! भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत, असे पंडितजींनी मानले. ते करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपून ठेवले आहेत.

आपल्या समाजाचाही एक धागा या गावात गुंतला आहे आणि तो पोर्तुगीज येण्यापूर्वी दोन शतकांचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी रक्तसाक्षी झाले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि देमेत्रियुस. त्यांच्याबरोबर आलेले फ्रेंच डॉमिनिकन फादर जॉर्डानुस तेव्हा दुसऱ्या ठिकाणी असल्याने वाचले. परत येऊन त्यांनी त्या चौघांचे देह सोपाऱ्यात आणून पुरले. लवकरच ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी इकडे आला, त्याने त्यांच्या अस्थी काढून घेतल्या आणि जहाजाने थेट चीनपर्यंत नेल्या. फादर जॉर्डानुस पुढे कोल्लमचे बिशप नेमले गेले. ज्या जागी त्यांनी आपल्या सोबत्यांना मूठमाती दिली, ती जागा आज कोणालाही दाखवता येत नाही. तिच्यावर घर असेल, गोठा असेल, एखादी चार मजली इमारत असेल.

याच्या उलट वसईचा किल्ला पाहा. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. उणीपुरी दोनशे पाच वर्षे ते शहर नांदले. आज तिथली चर्चे बिनछपरांची उभी आहेत, कमानी आहेत, थडग्यांवरचे लेख वाचता येतात. लग्नाआधीची छायाचित्रे काढायला जोडपी येतात. शहर मेले म्हणून त्याचा सांगाडा उरला. सोपारा जगला. जगणाऱ्याला आजचे घर बांधायचे असते. त्यासाठी तो कालच्या भिंतीचा दगड काढतो. दोन हजारांहून अधिक वर्षे माणसांनी तिथे विहिरी खणल्या, पाये खणले, जुन्या विटा नव्या भिंतींत बसवल्या. चक्रेश्वराच्या तळ्याकाठी काही मूर्ती उरल्या आहेत, एवढेच. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांना राहायला जागा हवी. बावखले बुजली, वाड्या गेल्या, रहाट तर दिसेनासेच झाले. याबद्दल बिल्डरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. माझ्या तोंडी ते शोभत नाही.

आता लाजेचे कारण. २००४ साली मी सोपाऱ्याच्या परिसरातील एका लहान धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू होतो. चर्चशेजारी सभागृह नव्हते. लग्नाचा मांडव पावसात भिजे, बोधवर्ग व्हरांड्यात भरत. तीन वर्षे देणग्या गोळा केल्यावर मे महिन्यात पायाचे खड्डे सुरू झाले. एका खड्ड्यात साताठ फुटांवर माती बदलली. काळसर, भुसभुशीत थर लागला आणि त्यातून खापऱ्या वर येऊ लागल्या. आधी लाल, जाडजूड. मग काही बारीक, चकचकीत काळ्या. पाठोपाठ भाजलेल्या मातीच्या कड्यांचा, एकावर एक बसवलेला, हातभर उंचीचा भाग दिसला. मजूर म्हणाला, "फादर, जुनं गटार दिसतंय."

गटार नव्हते ते. अशी कडी रचून विहिरी बांधण्याची पद्धत मी पुस्तकात वाचली होती, चित्रे पाहिली होती. त्या दुपारी त्या खड्ड्याच्या काठावर ते काय असू शकेल हे जाणणारा एकच माणूस उभा होता आणि तो मी होतो.

मुकादम जवळ आला. आवाज उतरवून म्हणाला, "सरकारी माणसांना कळलं तर काम वर्षभर अडकेल, फादर. पाऊस तोंडावर आलाय." मी खड्ड्याकडे पाहिले. डोळ्यांसमोर देणगीदारांची यादी आली, डिसेंबरात ठरलेली लग्ने आली. बिशपांच्या हस्ते उद्घाटनाची तारीखही घेतलेली होती. पाच मिनिटे लागली असतील, अधिक नाही. मी म्हणालो, "चालू द्या." ती कडी पहारीच्या दोन घावांत फुटली. एक काळी खापरी मी उचलून झग्याच्या खिशात टाकली आणि जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले.

सभागृह वाया गेले असे मी म्हणणार नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा आणि वसई पाण्याखाली गेले, तेव्हा आसपासच्या चाळींतील माणसे तिथे दोन रात्री राहिली. त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. पाणी का तुंबले, तर बावखले आणि खाड्या बुजल्या म्हणून. आणि आमच्या सभागृहाच्या भरावासाठी माती कुठून आली होती, हे मी त्या वेळी विचारलेही नव्हते. असो. फादर मलूलींपाशी माझ्यापेक्षा अधिक पैसा होता की अधिक वेळ, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या जिन्याच्या तळाशी मी उभा होतो तेव्हा ती खापरी माझ्या घरी टेबलावर, पेनांच्या डबीशेजारी पडलेली होती, एवढे मात्र ठाऊक होते.

गेल्या वर्षी त्या धर्मग्रामातून एका लग्नाचे आमंत्रण आले. वधूचा बाप्तिस्मा माझ्या हातचा. मी एक दिवस आधीच गेलो. तेथील आताचे प्रमुख धर्मगुरू माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हौशी आणि बोलके. चहा झाल्यावर म्हणालो, "फादर, धर्मग्रामाची नोंदवही जरा काढता का? २००४ ची."

माझ्याच अक्षरातील पाने. पायाभरणीचा दिवस, कोणाच्या हस्ते आशीर्वाद, सिमेंटच्या गोण्या, पहिला स्लॅब, मजुरांना दिलेले जेवण. खड्ड्याविषयी अवाक्षर नव्हते. समासात थोडी जागा होती. तिथे मी बारीक अक्षरात लिहिले की, मे महिन्यात पाया खणताना सुमारे आठ फूट खोलीवर जुनी खापरे व भाजलेल्या मातीच्या कड्यांची विहीर आढळली, त्या वेळच्या प्रमुख धर्मगुरूने ती कोणालाही न कळवता बुजवली. खाली सही केली, आजची तारीख घातली. खिशातून खापरी काढून पानावर ठेवली, पण वही मिटेना. तरुण फादरांनी खणातून मिस्साच्या हेतूचे एक रिकामे पाकीट शोधून काढले, खापरी त्यात घातली आणि पाकिटावर पानाचा क्रमांक लिहिला.

मग ते उठले. "नेमकी जागा दाखवा, फादर."

सभागृहात उद्याच्या लग्नाची सजावट चालली होती. गुलाबी कापडाचे पडदे चढत होते, खुर्च्यांना पांढरे अंगरखे घातले जात होते. व्यासपीठाच्या उजव्या अंगाला, दुसऱ्या खांबापाशी मी थांबलो. थोडा मागे सरलो. खांब तेव्हा नव्हते. चर्चचा घंटामनोरा खिडकीतून कुठे दिसतो ते पाहून अंदाज घेतला. "इथे," मी म्हणालो.

फादरांनी सजावटवाल्याकडून टेप मागून घेतली. एक टोक माझ्या हाती दिले आणि दुसरे धरून ते भिंतीपर्यंत गेले. "चौदा फूट तीन इंच," ते तिकडून ओरडले. सजावटवाला खुर्च्या तिथेच मांडायच्या का म्हणून विचारू लागला. मी आकडा लिहून घेतला आणि मागच्या भिंतीपासूनचे अंतर मोजायला टेप पुन्हा ताणली.