नाकातून छातीपर्यंत

पुणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मृणाल,



काल फोनवर तू वाक्याच्या मध्येच थांबत होतीस. तुला वाटलं असेल, आत्याच्या लक्षात येणार नाही. अगं, ते थांबणं मी तीस वर्षं ओळखते. रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली की उशीला टेकून बसायचं आणि खिडकीत उजाडायची वाट बघायची, हे मी तुझ्याही आधीपासून करत आलेय.

तू म्हणालीस, सर्दी झाली की दोन दिवसांत छातीत उतरते. तिथेच मला जे सांगायचं आहे ते सापडतं. नाक आणि फुफ्फुसं आपण वेगळी समजतो, पण वाट एकच आहे. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाची ॲलर्जीही असते. हवा गरम करणं, ओली करणं, धूळ अडवणं ही नाकाची कामं. नाक चोंदलं की आपण तोंडाने श्वास घेतो आणि थंड, कोरडी, धुळीने भरलेली हवा थेट छातीत जाते. शिवाय रात्री नाकातला शेंबूड घशामागे ओघळत राहतो आणि खोकला थांबत नाही. पाऊस संपला की तुमच्या सोसायटीमागे गाजरगवत फुलतं, तेव्हाच तुझं सुरू होतं, हे तू पाहिलंच आहेस.

म्हणून नाक मिठाच्या पाण्याने धूत जा. जलनेती म्हण हवं तर. हठप्रदीपिका या योगग्रंथातली नेती सुताची आहे, नाकातून घालून तोंडातून काढायची. ती तुला करायची नाही. आपली पाण्याची, सोपी. परागकण, धूळ आणि घट्ट झालेला शेंबूड वाहून जातो, इतकंच तिचं काम. नाकाच्या ॲलर्जीवर तिचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलंय, पण पुरावा अजून भक्कम नाही. दम्यावर थेट परिणामाचा तर त्याहूनही कमी. मला स्वतःला मात्र रात्रीचा खोकला कमी झाला आणि तोंड मिटून झोपता यायला लागलं.

आता पाण्याचं नीट वाच. नळाचं पाणी तसंच कधीही वापरायचं नाही, फिल्टरमधलंही नाही. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसं दगावली. पाण्यातला एक अमीबा नाकातून मेंदूत गेला होता. तेच पाणी प्यायलं असतं तर काही झालं नसतं. असं क्वचितच घडतं, पण टाळणं आपल्या हातात आहे. पाणी खळखळ उकळू दे, मग आणखी मिनिटभर उकळू दे आणि झाकून कोमट होऊ दे. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमचा सपाट भरून पाऊण. चव अश्रूंसारखी लागली पाहिजे. मीठ कमी पडलं तर पोहताना नाकात पाणी गेल्यासारखं झणझणतं, जास्त झालं तर चुरचुरतं. माझं पहिल्यांदा कमीच पडलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी महिनाभर नेतीच्या लोटीला हात लावला नाही.

बेसिनवर वाकायचं, मान एका कुशीला वळवायची, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा. लोटीची चोच वरच्या नाकपुडीला लाव. क्षणभर काहीच होत नाही, मग खालच्या नाकपुडीतून एक कोमट धार निघते. संपलं की पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकर. एक दाबून जोरात शिंकरलंस तर पाणी कानात जाईल. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल त्या दिवशी करू नकोस. नाकाचा स्प्रे धुतल्यानंतर मारायचा, आधी नाही. लोटी धुऊन वाळव.

आणि पंप. मृणाल, यासाठीच खरं पत्र लिहिलं. नेतीने बरं वाटू लागल्यावर एका योगवर्गात मला सांगितलं, आता पंप सोडा, नाहीतर सवय लागेल. मी ऐकलं. तीन आठवडे छान गेले. चौथ्या आठवड्यात रात्री दोन वाजता तुझ्या काकांनी मला रिक्षात घातलं तेव्हा मला माझं नावही एका दमात सांगता येत नव्हतं. रोजचा पंप आतली सूज आटोक्यात ठेवतो, ते मिठाच्या पाण्याला जमत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही मात्रा कमी करू नकोस. आणि धाप लागली असेल तेव्हा बेसिनकडे नाही, लगेच आराम देणाऱ्या पंपाकडे जायचं.

रविवारी मी येते. माझी जुनी लोटी नको, तुझ्यासाठी नवी घेतलीय. शनिवारी रात्री पाणी उकळून झाकून ठेव, सकाळी ते पुन्हा कोमट करू. पहिल्यांदा माझ्यासमोर कर, मी शेजारी उभी राहीन.

तुझी,
आत्या