गोळी, पोळी आणि तूप

बेळगावचे आणि देवासचे नाते काय, असे कोणी विचारले तर आपण सर्वजण एकच नाव घेऊ. येथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला गेले आणि तेथलेच झाले. माझे नाते मात्र अगदी घरगुती आहे. देवास हे माझे आजोळ, आणि धारला माझी मावशी दिलेली आहे. इंदूरच्या एका अंगाला देवास, दुसऱ्या अंगाला धार. अठराव्या शतकात पवारांच्या गाद्या या दोन्ही गावी स्थापन झाल्या. त्यांच्या आगेमागे माळव्यात गेलेल्या कित्येक घराण्यांत अजून मराठीच बोलतात. भाषेत थोडी हिंदी मिसळली आहे आणि ताटात पुष्कळसे तूप.

माळव्याचे खाणे ज्याने खाल्ले नाही त्याला हे तूप सांगून कळणार नाही. सकाळी बडीशेप घातलेले वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावन, सोबत जिलबी. सणावाराला दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि फोडून तुपात बुडवायचे. वाढणारा 'पुरे' हा शब्द ऐकत नाही. धारपासून जवळच असलेल्या मांडूला गियासुद्दीन नावाचा सुलतान होऊन गेला (१४६९ ते १५००). राज्यकारभारापेक्षा त्याचे लक्ष मुदपाकखान्यात अधिक असावे. त्याच्या पदरी लिहिल्या गेलेल्या 'निमतनामा' या पाककृतींच्या सचित्र ग्रंथाची हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातही तूप पानोपानी आहे. सांगायचे ते एवढेच की त्या भूमीत तूप आहारशास्त्राने नेलेले नाही.

तरीही माझ्या मामांना तुपाचा नव्याने साक्षात्कार झाला. मामांचे वजन ९४ किलो. मधुमेह आठ वर्षांचा. त्यांच्या एका मित्राने त्यांना सांगितले, "साखर, पोळी, भात, बटाटा बंद. तूप, लोणी, पनीर, अंडी, मटण पोटभर. वजन आपोआप उतरेल." मामा मुळात खवय्ये. पथ्य म्हणजे दुधीची भाजी अशी त्यांची समजूत. मटण खाऊन बारीक व्हायचे म्हटल्यावर त्यांनी त्याच दिवशी संकल्प सोडला!

ही कल्पना काही कालची नव्हे. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या एका स्थूल गृहस्थाने १८६३ साली एक पुस्तिका छापली. पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून आपण कसे बारीक झालो, ही तिची हकीकत. अमेरिकेत डॉ. ॲटकिन्स यांचे पुस्तक १९७२ साली निघाले आणि घरोघर गेले. आपल्या महाराष्ट्रात अलीकडे गाजलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत मात्र निराळी. तिचा भर दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर आहे. पुष्कळ लोक या दोहोंची खिचडी करतात म्हणून हा खुलासा.

यातले शास्त्र थोडक्यात असे. कर्बोदके खाल्ली की रक्तातली साखर वाढते आणि तिच्या पाठोपाठ इन्सुलिन. कर्बोदके फारच कमी केली, म्हणजे दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणली, तर शरीर चरबी जाळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन तयार करते. एका बाफल्याला ७५ ग्रॅम कणीक धरली तर त्यातच ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके होतात. म्हणजे पहिल्याच बाफल्याला दिवसाचा शिधा संपला. येथेच आपल्याकडचे बहुतेक लोक घसरतात. तूप खा हे त्यांना ऐकू येते, पोळी सोडा हे ऐकू येत नाही. एका ग्रॅम कर्बोदकात चार उष्मांक, एका ग्रॅम तुपात नऊ. दोन्ही एकत्र खाल्ली तर वजन कोणत्या दिशेने जाईल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

मामांनी मात्र पोळी खरोखर सोडली. सकाळी तुपातली दोन अंडी, दुपारी पनीर, मेथी आणि दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, रात्री मटणाचा रस्सा भाकरीशिवाय. पहिल्या आठवड्यात वजन अडीच किलोंनी उतरले. मामांनी काटा शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. या आनंदात बराचसा भाग पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आपल्या तिप्पट वजनाचे पाणी धरून ठेवते. ती खर्च झाली की पाणीही जाते. खरी चरबी त्यामागून, सावकाश उतरते.

दहाव्या दिवशी, मी तेथेच असताना, दुपारी अकराच्या सुमारास मामांना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. मामींनी साखरेचे पाणी पाजले तेव्हा पंधरा मिनिटांनी ते माणसांत आले. कारण अगदी सोपे होते. मामांनी पोळी बंद केली होती, गोळी तशीच चालू ठेवली होती. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी ती गोळी पोळीच्या हिशेबाने दिलेली. साखर येईनाशी झाली तरी गोळी आपले काम इमानाने करीत राहिली. डॉक्टरांनी ती त्याच दिवशी निम्मी केली. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून असला आहार सुरू करू नये, हे वाक्य मी येथे ठळक अक्षरांत लिहिले असते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत, त्या घेणाऱ्याने तर मुळीच नाही. त्यांत रक्त आम्ल होण्याचा धोका असतो, आणि रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही तो येतो.

धारच्या मावशीची कथा वेगळी. मावशी माळकरी. अंडी-मटण वर्ज्य. तिनेही भावाचे पाहून पंधरा दिवस पोळी सोडली. पण पनीर, बदाम आणि तूप यांवर पोट भरायचे तर महिन्याचा खर्च गव्हाच्या कितीतरी पट होतो. तिने हिशेब मांडला आणि निमूटपणे आपला मार्ग काढला. चार पोळ्यांची एक केली, भाजी दुप्पट, मोडाची उसळ रोज, जेवणानंतर वाटीभर ताक, आणि जिलबी फक्त दसऱ्याला. याला तिने काही नाव दिले नाही.

आता या दोघांत कोण जिंकले? पाच महिन्यांत मामांचे नऊ किलो गेले, मावशीचे चार. पण मामांच्या घरात लग्नसराई आली आणि तीन किलो परत आले. मावशीचे आले नाहीत. दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. कमी स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांचे सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे ६ किलो. हा फरक ठोस म्हणण्याजोगा नव्हता. वर्षभर जे निभते ते पथ्य खरे, असाच याचा अर्थ मी घेतो.

पण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती मामींची. मामांचे पथ्य सुरू झाल्यापासून देवासच्या त्या घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. एक मामांचा, एक मुलांचा. गॅससमोर उभ्या मामीच. आणि मामांच्या वाटणीच्या पोळ्या सवयीने लाटल्या जात, त्या रात्री उरत. अन्न टाकायचे नाही, म्हणून मामी त्या चहाबरोबर संपवीत. मामी अंगाने सडपातळ. त्यांचे वजन कोणी कधी विचारले नव्हते. मामांच्या त्या प्रसंगानंतर डॉक्टर सहज म्हणाले, "वहिनींचेही रक्त तपासून घेऊ." साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून स्थूल असू शकतो, हे त्यांनी एका चित्रात दाखवले. काटा मामांना बोलला, मामींना बोलला नाही, याचे कारण हेच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपल्या जेवणातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असे आढळले. त्याच पाहणीच्या आधारे २०२२ साली संशोधकांनी मधुमेह्यांसाठी सुचवले ते कर्बोदके ५० टक्क्यांच्या आसपास आणण्याचे आणि प्रथिने वाढवण्याचे. म्हणजे पोळी हद्दपार करायची नाही, तिला ताटाच्या कडेला सरकवायचे. धारच्या मावशीने नेमके हेच केले होते, टक्केवारी न मांडता.

देवासच्या घरात आता पुन्हा एकच स्वयंपाक होतो. मामींनी मावशीची रीत उचलली आणि कणीक मोजून भिजवायला लागल्या. मामांच्या ताटात तूप आहे, चमचाभर. त्यांची थोडी कुरकुर चालते. पण कोणी नवे पथ्य सांगायला आले की मामी हसून एवढेच विचारतात, "आणि हे रांधायचं कोणी?" मित्रहो, आहारावरची कित्येक पुस्तके मी चाळली. हा प्रश्न त्यांतल्या एकाही लेखकाला पडलेला मला दिसला नाही.