नाव घातलेली बंदूक

दिवाळी आली, की आमच्या नाशिकच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. चिंच लावून घासली, की त्यांवर घातलेली नावे वाचता येऊ लागतात. अभ्यंगाचे घंगाळ कुणाच्या माहेरचे, यावर आमच्याकडे वाद होत नाही. नाव पाहिले की झाले.

यंदा हे घासकाम चालू असतानाच कॅनडातून मुलाचा फोन आला. त्याला एक जुनी बंदूक मिळत होती. दुसऱ्या महायुद्धातली, दुर्बीण बसवलेली, स्नायपरची थ्री-नॉट-थ्री!

"बाबा, आजोबांनी इटलीत वापरली ना, अगदी तशीच!"

आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाच्या परवान्यात बसत नाही. तिकडे त्याच्याजवळ रीतसर परवाना आहे. किंमत ऐकून मात्र मी हातातला तांब्या खाली ठेवला.

त्याने पाठवलेले फोटो घेऊन मी देवळाली कॅम्पात तात्यांकडे गेलो. तात्या माझे धाकटे काका. सैन्यात आर्मोरर होते. बंदुका दुरुस्त करण्यात सारी उमर गेली. वय सत्त्याऐंशी, पण भिंग हाती आले की चाळिशीचे होतात.

"सोयरीक करायची तर आधी घराणं बघावं," ते म्हणाले आणि सांगू लागले. कारखान्यात चाचणीत अचूक ठरलेल्या 'नंबर चार' बंदुका निवडून काढीत. १९४२ पासून त्यांतल्या बहुतेक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जात. तिथे डाव्या अंगाला दुर्बिणीसाठी दोन बैठका बसवीत, दस्त्यावर गाल टेकायला लाकूड चढवीत, डाव्या बाजूवर इंग्रजी 'टी' ठोकीत आणि दस्त्याखाली 'एस ५१' अशी खूण करीत. दुर्बीण 'नंबर ३२'. ती त्या एकाच बंदुकीशी जुळवलेली; म्हणून बंदुकीचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर.

"म्हणजे आपल्या भांड्यांसारखंच की!" मी म्हणालो. फोटोत ब्रॅकेटवरचा नंबर बंदुकीच्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. मी खूष झालो.

"जुळायचाच. खोटं करणाऱ्यालाही ही माहिती असते," तात्या म्हणाले. "दस्त्याखाली खूण नाही. पण दस्ता बदललेला असू शकतो, तेवढ्यावरून नाही म्हणू नये. हा 'टी' बघ."

मी भिंगातून पाहिले. भोवतीचे पोलाद काळवंडलेले, आणि अक्षराच्या खाचेत मात्र लख्ख चमक! ब्रॅकेटवरच्या आकड्यांचेही तेच.

"बंदूक खरी आहे," तात्या म्हणाले, "पण साध्या शिपायाची. स्नायपरची तिला मागाहून कुणीतरी केलीय."

"पोरगा हिरमुसणार. आजोबांची आठवण म्हणून घेत होता."

तात्यांनी भिंग पुसले, पुन्हा पुसले. मग हळूच म्हणाले, "दादा स्नायपर नव्हता रे. खेचरांवर होता. इटलीच्या डोंगरात रसद वर न्यायची, परतताना जखमी खाली आणायचे. लग्नाच्या बोलणीत कुणीतरी स्नायपर म्हणून सांगितलं. दादानं नाही म्हटलं नाही, इतकंच."

साठ वर्षे ही गोष्ट मी अभिमानाने सांगत आलो होतो. "आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"आजवर त्यापायी कुणी पैसे मोजायला निघालं नव्हतं."

परतताना बसमध्ये मला वडिलांचा राग येऊ पाहत होता, पण येईना. गोळ्यांच्या माऱ्यात अडलेले जनावर चुचकारीत वर नेणारा माणूस डोळ्यांपुढे येत होता. त्याच्यावर दुसरा शिक्का ठोकायची गरज काय होती?

रात्री मुलाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटले, फोन तुटला. मग त्याने विचारले,

"बाबा, त्या खेचरांना नावं असायची का हो?"

उद्या तात्यांना विचारून सांगतो, म्हणालो.