मागच्या बाकावरचा संगणक

मुलांनो, आज एक फजिती सांगते. माझीच!

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी पालकसभेसाठी मी घरी, नव्या लॅपटॉपवर, पाढ्यांचा एक खेळ तयार केला. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत. त्यातली चित्रं वर्गातल्या एका मुलीनं काढली होती. ती बघायला तिचे आजोबा शेतातली कामं टाकून मुद्दाम आले होते. शाळेच्या जुन्या संगणकावर मी खेळ लावला आणि पडदा पांढराफटक! "बाई, माझी चित्रं कुठं गेली?" तिनं हळूच विचारलं. मला काही उत्तर देता येईना.

रात्री शोधत बसले तेव्हा उलगडा झाला. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या १० दिवसांत रचली. पुढं २०१५ साली तिच्यात पुष्कळ नवी रूपं आली. 'फंक्शन' हा शब्द लिहिण्याऐवजी बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढं 'पेक्षा मोठा'चं चिन्ह, असा नुसता बाण काढला तरी चालू लागलं. मी तोच बाण वापरला होता. शाळेतल्या जुन्या ब्राउझरला तो ठाऊकच नव्हता.

आता गंमत पाहा. चौथीतला मुलगा पहिलीचं पुस्तक सहज वाचतो ना? तसे नवे ब्राउझर जुनी जावास्क्रिप्टही चालवतात. जुनी पानं बंद पडू नयेत म्हणून भाषेतल्या काही जुन्या चुकासुद्धा तशाच ठेवल्या आहेत! पण पहिलीतल्या मुलाला चौथीचं पुस्तक दिलं तर? तो जोडाक्षराशी अडतो. पानाची मांडणी करणाऱ्या एचटीएमएलमध्ये अनोळखी खूण दिसली, तर ब्राउझर ती सोडून पुढं जातो. जावास्क्रिप्टचं तसं नाही. लिहिण्यातली एक खूण जरी कळली नाही, तरी ब्राउझर त्या फाइलमधलं काहीच चालवत नाही. म्हणून माझा पडदा कोरा!

मग उपाय काय? चौथीचा धडा पहिलीच्या सोप्या शब्दांत लिहून द्यायचा. हे काम 'बेबल' नावाचा प्रोग्रॅम करतो. सेबॅस्टियन मॅकेन्झी या ऑस्ट्रेलियातल्या मुलानं २०१४ साली, शाळेत शिकत असताना, तो लिहिला. बेबल बाणाच्या जागी 'फंक्शन' लिहून देतो. पण काही कामं जुन्या ब्राउझरला येतच नाहीत. उदाहरणार्थ, यादीत एखादी वस्तू आहे का, हे सांगणारं 'इन्क्लूड्स'. तिथं शब्द बदलून भागत नाही. ते काम कसं करायचं, हेच सोबत लिहून द्यावं लागतं. त्याला म्हणतात पॉलिफिल.

मी दोन्ही केलं. सोमवारी शाळा सुटल्यावर ती मुलगी आजोबांना हाताला धरून घेऊन आली. त्याच संगणकावर खेळ लावला. चित्रं दिसली! सातच्या पाढ्याला आजोबा अडखळले, तशी ती ओरडली, "आजोबा, सात आठे छप्पन्न!"

तेव्हापासून नवा खेळ केला की तो मी आधी शाळेतल्या सर्वांत जुन्या संगणकावर लावून बघते. धडा सुरू करण्याआधी "मागच्या बाकावर ऐकू येतंय का रे?" असं विचारते ना, अगदी तसं.