आजचा दिवस कितवा?

परभणीसारख्या गावात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखंच! आमच्या घरी तर पहिल्यापासून पाहुण्यांचा राबता. अशा घरच्या दारात उभं राहून थोरल्या नणंदेला "अक्का, आत येऊ नका" म्हणायची पाळी माझ्यावर आली.

झालं असं, यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मुंबईला टाटा हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि दर २१ दिवसांनी केमोथेरपी ठरली. पहिल्या वेळी दोन दिवस उलट्या झाल्या. मग हे उठून बसले, वरणात भाकरी कुस्करून खाल्ली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे! येईल त्याला येऊ दिलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी अंगात १०१ ताप. मी आपली घरातली गोळी दिली नि म्हटलं, सकाळी बघू. पहाटे हे थंडीने थडथड उडायला लागले, तेव्हा दवाखाना गाठला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अवघ्या ९००! एरवी त्या ४,००० ते ११,००० असतात. सहा दिवस शिरेतून औषध चाललं, तेव्हा कुठे ताप उतरला.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सरच्या पेशी तशाच. पण हाडांच्या मगजात रक्त तयार होतं, तिथल्या पेशीही तशाच. त्यामुळे मार दोघांनाही बसतो. जंतूंवर सर्वांआधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी फार दिवस जगत नाहीत. जुन्या संपतात, नव्या येत नाहीत. मी मनात म्हटलं, डब्यातलं पीठ संपलं नि गिरणीही बंद, असंच की हे! साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत हा तुटवडा असतो. पुढे मगज सावरतो, म्हणून तर दोन डोसांत एवढं अंतर.

तेव्हापासून कॅलेंडरवर त्या दिवसांना लाल गोल केले. पाणी उकळून, जेवण ताजं नि गरम, कच्ची कोशिंबीर बंद. येणाजाणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे. थर्मामीटर उशाशी. ताप १००.४ झाला, तर घरची गोळी देऊन वाट बघायची नाही. रात्र असो की पहाट, तडक दवाखाना! तुराबुल हक दर्ग्याचा उरूस यांनी कधी चुकवला नव्हता. यंदा गर्दी नको म्हणून घरीच बसले.

आणि नेमक्या दुसऱ्या डोसच्या नवव्या दिवशी अक्का सेलूहून आल्या, त्याही नाक पुसत. मी दारातच थांबवलं. "माझ्या भावाला भेटायला मला तुझी परवानगी लागती का?" म्हणाल्या नि आल्या पावली परत गेल्या. त्या रात्री मला घास गेला नाही. हे एवढंच म्हणाले, "तिला रिपोर्ट दाखव. ती समजूतदार आहे."

अठराव्या दिवशी मीच फोन करून बोलावलं. अक्कांपुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले. त्यांनी ९०० च्या आकड्यावर बोट ठेवलं, बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पदर खोचून म्हणाल्या, "आज भाकरी मी करते. हात धुतलेत गं!"

आता सेलूहून निघण्याआधी त्यांचा फोन येतो, "आज दिवस कितवा?"

मैत्रिणींनो, कुणाच्या घरी असं आजारपण असेल, तर भेटायला जाण्याआधी एवढं जरूर विचारा. आणि कुणी दारात थांबवलं, तर रागावू नका.