वहिनी, यंदा पहिल्या पंगतीला बसा

डोंबिवली पूर्व

प्रिय वहिनी,


मार्चच्या मध्याला दहावीचे पेपर संपतील. त्यानंतर पाडवा. पाडवा झाला की आपण सगळ्यांनी चार रात्री गुहागरला राहायचं, असं माझ्या मनाने घेतलंय. दादाशी बोलले, आईशीही बोलले. तुमच्याशी फोनवर हे नीट बोलणं होत नाही, कारण तुमचा फोन नेहमी ओट्यापाशी असतो. म्हणून पत्र.

तुम्ही म्हणाल, कोकणात आपण दरवर्षी जातोच की. जातो, गणपतीला जातो. पण त्या दिवसांत तुम्ही काय करता ते मी लहानपणापासून आईच्या बाबतीत आणि पुढे तुमच्या बाबतीत बघत आलेय. पहाटे उठून चूल, मग नैवेद्य, मग मोदकांची उकड. दुपारी पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि उन्हं कलल्यावर तुमची, तीही गार भातावर. संध्याकाळी आरतीला आलेल्यांचा चहा. आपलं गाव चिपळूणच्या वरच्या अंगाला, तिथून समुद्र एसटीने दोन-अडीच तासांवर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसांत तुम्हाला कुणी समुद्रावर नेलेलं नाही. गणपती आपला आहे, तो आपण करत राहूच. पण त्याला तुमची सुट्टी म्हणायला मी तयार नाही.

त्यात यंदाचं वर्ष दहावीचं. कल्याण-ठाणे नोकरी, क्लासच्या वेळा, सराव परीक्षा, आईचे गुडघे. हे सगळं तुम्ही कशा रेटताय ते मला दिसतं.

गुहागरच का, ते सांगते. गाव एका सरळ रस्त्यावर वसलंय, खालचा पाट आणि वरचा पाट. रस्त्याला लागून घरं, घरामागे नारळ-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या मागच्या बेड्यातून बाहेर पडलं की पुळण. आईला गाडीत बसवून कुठे न्यावं लागणार नाही. काठी टेकत, थांबत थांबत ती स्वतः समुद्रापर्यंत जाईल. किनारा जवळजवळ सहा किलोमीटर लांब आहे, त्यामुळे गर्दीच्या दिवशीही माणसं पांगतात. व्याडेश्वराचं देऊळ गावातच आहे, म्हणजे आईची सकाळ तिकडे जाईल. वेळणेश्वर, हेदवी, अंजनवेलचा गोपाळगड असं सगळं एका दिवसात बसवायचा बेत दादाने सुरू केला होता. मी नको म्हटलं. कुणाला जायचंच असेल तर त्याने रिक्षा करून एखादी सकाळ जाऊन यावं. तुम्ही आणि आई मात्र जागच्या हलायचं नाही.

दिवस मी तिथी बघून काढलेत. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. कल्याणहून स्लो गाडीने ठाण्याला जाताना मुंब्रा-कळव्याकडे खाडी कधी चिखल उघडा टाकून पडलेली दिसते, कधी काठोकाठ भरलेली. तिच्या पाण्यालाही हाच समुद्र वर-खाली करतो. पाडव्यानंतरच्या सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी असतं. उधाणासारखा जोर नसतो, आणि चार-साडेचारला मुलं पाण्यात उतरतील तेव्हा भरती चढती असेल. ओहोटीला पाणी आत ओढतं, तेव्हा मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ द्यायचं नाही. शिवाय उतरण्याआधी, ज्यांच्या घरी राहू त्या घरमालकांना सुरक्षित जागा विचारायची. मुलांवर लक्ष ठेवायला दादा आणि आमचे हे दोघं पाण्यात उभे राहतील. तुम्ही काठावर कपडे सांभाळत बसायचं नाही. तुम्हीही उतरायचं.

अजून एक गोष्ट धाकटीसाठी, आणि मला वाटतं तुमच्यासाठीही. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कासवमित्र रात्री-पहाटे किनारा फिरून अंडी शोधतात आणि कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. मार्चमध्ये ती समुद्रात सोडताना बघायला मिळण्याचा बराच संभव आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारी यंत्रं बसवली होती, नावं ठेवली गुहा आणि बागेश्री. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. हे वाचलं त्या दिवशी मी भाजी निवडायची थांबले होते.

प्रवासाचं असं. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणून जानेवारीतच हलायला हवं. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने चिपळूण. सकाळच्या लोकलच्या गर्दीत आईला आणि बॅगांना घेऊन शिरायचं नाही. कल्याणहून टॅक्सी करू, वाटेत आम्हाला डोंबिवलीला घ्या. चिपळूणहून पुढे एसटी. आईला पंचाहत्तर पूर्ण झाली आहेत, तिला एसटीत तिकीट नाही, फक्त आधार कार्ड जवळ हवं. आपल्याला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. वाचले ते पैसे राहण्याच्या जागेवर घालू. खोली तळमजल्यावरची आणि कमोड असलेली हवी, हे मी आधीच विचारून ठेवलंय.

जेवण राहू त्याच घरी. सकाळी आंबोळी नाहीतर घावन, दुपारी आमटी-भात, सोलकढी, एक दिवस आधी सांगून उकडीचे मोदक. तुम्हाला मासे हवेत ते बाजारपेठेत बाहेर खाऊ. पानं मांडली की तुम्ही आणि आई पहिल्यांदा बसायचं, गरम वाढून घ्यायचं. स्वयंपाकघरात मदतीला जायचं नाही. तुम्ही जाणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते.

आईच्या गोळ्या, रात्रीचं उठणं, गुडघ्याला तेल लावणं, हे चारही दिवस माझ्याकडे. ती माझ्या खोलीत झोपेल. तुम्हाला हवं तर दिवसभर वाडीत पडून राहा, पुस्तक वाचा, एकट्या किनाऱ्याने लांब चालत जा. कुणी हाक मारणार नाही, हे मी बघते.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. ऑफिसात रजेचा अर्ज या आठवड्यात द्या, मार्चअखेर म्हणून नंतर नाही म्हणतील. आणि मुलांची आधार कार्डांवरची नावं नि वयं मला पाठवा. आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळी आठच्या आत मी सगळं भरून तयार बसणार आहे. खालचे बर्थ तुम्हा दोघींना.

तुमची,
वन्सं